नळीचे चार इंच

भिलाईच्या रेल मिलच्या रोल टर्निंग शॉपमध्ये माझी सगळी नोकरी गेली. लालभडक ब्लूम, म्हणजे पोलादाचा जाड ठोकळा, ज्या रोलांमधून पुढेमागे जात जात रूळ होतो, त्या रोलांवर रुळाच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या असतात. आम्ही त्यांना पास म्हणायचो. पोलाद जाऊन जाऊन पास झिजतो, कडा बोथट होतात, उष्णतेने बारीक भेगांचं जाळं पडतं. मग रोल आमच्याकडे यायचा, लेथवर चढायचा, झिजलेला थर काढून पास पुन्हा आकारात आणायचा. याला ड्रेसिंग म्हणतात. दर ड्रेसिंगला रोलचा व्यास थोडा कमी होतो आणि ठरलेल्या व्यासाखाली उतरला की तो रोल भंगारात. प्रत्येक रोलचं एक कार्ड असायचं. कधी आला, कधी गेला, किती मिलिमीटर काढले, किती उरले, सगळं त्यावर. नवा माणूस भेग पुरती गेली पाहिजे म्हणून बिनधास्त खोल कट घेतो. जुना माणूस थोडं काढतो, थांबतो, भिंगाने बघतो, पुन्हा थोडं काढतो. काढलेलं पोलाद रोलवर परत बसत नाही, हे त्याच्या हाताला ठाऊक झालेलं असतं.

त्यामुळे माझ्या आतेभावाने जेव्हा त्याच्या रायफलीची नळी चार इंच कमी करून घ्यायचा विषय काढला, तेव्हा मला तो आधी लेथचाच प्रश्न वाटला. किती काढायचं, कुठून काढायचं, काढल्यावर काय उरेल. त्यात कायदा आहे, जंगल आहे, आत्याच्या घराचा मोठा इतिहास आहे, हे हळूहळू समोर येत गेलं.

आतेभाऊ आमगावजवळ राहतो. गोंदिया जिल्हा आज महाराष्ट्रात आहे, पण 1956 पर्यंत तो सगळा मुलूख आणि आमचा दुर्ग-भिलाईचा मुलूख एकाच मध्य प्रांतात, नंतर मध्य प्रदेशात होता. अजूनही हावडा-मुंबई लाइनवर आमगाव, सालेकसा, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं एकामागून एक येतात, आणि लग्नकार्याला, तेराव्याला आमची माणसं या गाडीने अशी येतात-जातात की मध्ये राज्याची सीमा आहे हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्याचे आजोबा मालगुजार होते. 1951 मध्ये मालगुजारी गेली, गावं गेली, उरली ती धानाची शेती, एक तळं आणि मान. रायफल त्याच्या वडिलांनी साठच्या दशकात घेतली. तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. नागझिऱ्याचं अभयारण्य 1970 मध्ये झालं, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये आला आणि शिकारीचा जमाना संपला. रायफल मात्र घरात राहिली, पीक राखायच्या कारणाने परवान्यावर चढलेली.

ती .315 बोअरची आहे, हुगळीकाठच्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेली. हा बोअर आपल्याकडे एवढा रुळला त्यामागे इंग्रजांची भीती आहे. फौजेची .303 काडतुसं सामान्य माणसाच्या बंदुकीत चालता कामा नयेत, म्हणून नागरिकांना फौजी बोअरच्या रायफली मिळत नसत. तेव्हा 8 मिलिमीटरचं, मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं काडतूस पुढे आलं आणि तेच .315 म्हणून हिंदुस्थानभर शेतकऱ्यांच्या, जमीनदारांच्या, बँकेच्या पहारेकऱ्यांच्या हाती गेलं. इंग्रज गेल्यावर ईशापूरने तीच काडतुसं घेणारी रायफल बनवली, अंगकाठी मात्र फौजेच्या ली-एनफिल्डची ठेवली. बोल्ट ओढायचा तोच झटका, तेच लाकूड. काडतुसाच्या बुडावर केएफ अशी अक्षरं असतात, म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीची फॅक्टरी. आतेभाऊ ते काडतूस मला अभिमानाने दाखवायचा. म्हणायचा, बंगालची रायफल, पुण्याचं काडतूस आणि झाडीपट्टीचं रानडुक्कर.

नळी कापायची त्याची कारणं तीन होती, आणि तिन्ही खरी होती. पहिलं, गोळी पूर्वीसारखी जागेवर बसत नव्हती. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की नळीचं तोंड झिजलंय, तेवढं कापून टाका, रायफल नव्यासारखी होईल. दुसरं, धानाच्या बांध्यांमधून, करवंदीच्या जाळीतून, ट्रॅक्टरच्या सीटशेजारून लांब रायफल नेताना ती सारखी अडते. तिसरं कारण त्याने शेवटी आणि हळू आवाजात सांगितलं. डाव्या हाताला आता पुढचा भार पेलत नाही. नेम धरला की नळीच्या टोकावरची माशी थरथरते.

शिवाय त्याचा भाचा अमेरिकेत आहे. तिकडे हरणाच्या शिकारीला आखूड नळीच्या रायफली सर्रास वापरतात, दुकानात देऊन कापूनही घेतात, असं त्याने फोनवर सांगितलेलं. ते खोटं नाही. तिथे 1934 च्या कायद्याने रायफलीच्या नळीला किमान लांबी ठरवली, आज ती 16 इंच आहे, आणि तेवढी राखली तर केंद्राचा कायदा आड येत नाही. आतेभावाच्या रायफलीची नळी चार इंच कमी करूनही 16 च्या बरीच वर राहिली असती. म्हणून त्याला वाटत होतं की आपण काही वावगं मागत नाही.

खरं सांगायचं तर माझ्या मनाचाही कल आधी कापण्याकडेच गेला. गिरणीत रुळाचं टोक कापलंच जातं. रोलमधून निघालेल्या लांबलचक रुळाची दोन्ही टोकं विश्वासाची नसतात. आकार पुरता आलेला नसतो, पोलादातले दोष टोकाकडे असतात, म्हणून ती गरम असतानाच करवतीने उडवायची. त्याबद्दल कुणाला वाईट वाटत नाही. नळीचं टोक खराब झालंय, तर टोक उडवा. हा विचार माझ्या हाताने आधी केला, डोक्याने नंतर तपासला.

लांबीने काय होतं, हे मी नीट बघायला घेतलं. नळीत दारू जळते, वायू गोळीला ढकलत राहतात, नळी जितकी लांब तितका वेळ ढकलतात. नळी एक इंचाने कमी झाली की काडतुसाप्रमाणे सेकंदाला साधारण 20 ते 50 फूट वेग जातो. चार इंचांत गेलेला वेग माचाणावरून चाळीस-पन्नास पावलांवरच्या डुकराच्या दृष्टीने फार मोठा नाही. नेमाचं म्हणाल तर लांब नळी म्हणजे अचूक नळी, हा समज चुकीचा आहे. आखूड नळी उलट ताठ असते, कमी थरथरते. तोटा होतो तो वेगळीकडे. माशी आणि मागची खाच यांतलं अंतर कमी झालं की डोळ्याची छोटी चूकही मोठी होते. दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते, तोंडाशी जाळ मोठा होतो आणि आवाज कानठळ्या बसवतो. रात्री माचाणावर एक गोळी सुटली की पुढचा काही वेळ डोळ्यांपुढे अंधारीच. ज्याला त्या पहिल्या गोळीनंतर जखमी डुक्कर कुठे गेलं हे बघायचंय, त्याला हा जाळ परवडत नाही.

हा वाद जुनाही आहे. 1903 साली ब्रिटिश फौजेने आपल्या लांब रायफलीची नळी 30.2 इंचांवरून 25.2 इंचांवर आणली, पायदळाला आणि घोडदळाला एकच रायफल द्यायची म्हणून. निशाणबाजीतल्या जाणकारांनी गहजब केला, ही रायफल कामाची नाही म्हणाले. तीच आखूड ली-एनफिल्ड पुढे दोन महायुद्धं लढली, ईशापुरातही बनली, आणि आपल्या पोलीस ठाण्यांमध्ये अगदी परवापरवापर्यंत दिसायची. आतेभावाच्या रायफलीचं खानदान त्याच कापलेल्या रायफलीचं आहे. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला. त्याला वाटलं मी त्याच्या बाजूने बोलतोय. पण कारखान्यात पाच इंच कमी करून नवी रायफल आखणं वेगळं. तिथे माशी, लाकूड, तोल, काडतूस, सगळं त्या लांबीला जुळवून घेतात, नंतर चाचणी होते, नळीवर ठसा उठतो. घरच्या रायफलीची नळी कापणारा फक्त नळी कापतो.

भिलाईत हे काम करू शकणारे हात कमी नाहीत. 1955 च्या रशियाबरोबरच्या करारानंतर इथे धानाच्या शेतांत कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या धमनभट्टीचं उद्घाटन राजेंद्रप्रसादांनी केलं, 1960 मध्ये रेल मिल सुरू झाली, आणि कारखान्याच्या सावलीत नंदिनी रोडपासून हथखोजपर्यंत लहान-मोठ्या मशीन शॉपांची रांग लागली. तिथली पोरं शाफ्ट, बुश, गिअर डोळे झाकून करतात. आतेभाऊ रिसालीला माझ्याकडे आला होता तेव्हा माझ्याबरोबर अशाच एका वर्कशॉपात आला. मालक माझ्या हाताखाली ॲप्रेंटिस होता. आतेभावाने त्याला बोलता बोलता विचारलंच. पोराने हातातलं जॉब खाली ठेवलं नाही, वळूनही बघितलं नाही, म्हणाला, "आधे घंटे का काम है, काका. चक में पकड़ा, पार्टिंग मारा, फेसिंग किया, हो गया."

मी त्याला काम थांबवायला सांगितलं आणि बाहेर चहाच्या टपरीवर नेलं.

शस्त्र कायदा 1959 चं सहावं कलम नळी आखूड करण्याबद्दलच आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगायचा परवाना त्याला चालत नाही. पाचव्या कलमाने तर बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय कुणाला करता येत नाही. 2019 ची दुरुस्ती आल्यापासून विनापरवाना नळी आखूड करणाऱ्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मी हे सांगत होतो तेव्हा पोराने चहाचा ग्लास ओठांशी नेला होता, तो तसाच धरून राहिला. दोन लहान लेकरं आहेत त्याला. अर्ध्या तासाच्या कामाचे त्याने फार तर चहापाण्याचे पैसे घेतले असते, तेही माझ्याकडे बघून घेतले नसते.

आतेभाऊ चिडला. "एवढ्याशा कामाले काहून भेतेस गा? मी काय दरोडा टाकाले जातो?" त्याची तक्रार मला समजते. कायदा त्याच्यासाठी केलेला नाही, हे त्याचं म्हणणं. पण मला तो कायदा बरोबर वाटतो, आणि मी ते त्याला तिथेच सांगितलं. लांब रायफल खांद्यावर दिसते. गावात माणूस निघाला की चारजणांना कळतं की अमुक बंदूक घेऊन निघाला. आखूड केलेली बंदूक गोणपाटात, घोंगडीत, मोटारसायकलच्या सीटखाली जाते. चंबळच्या डाकूंपासून आजच्या गावठी कट्ट्यांपर्यंत या देशाने आखूड नळीचं काय काय बघितलं आहे. नळी कापणाऱ्याच्या मनात डुक्कर आहे की माणूस, हे लेथला कळत नाही, आणि पन्नास वर्षांनी ती रायफल कुणाच्या हातात असेल हे आतेभावालाही ठाऊक नाही.

त्याचा परवानाही महाराष्ट्रापुरता होता. रायफल घेऊन तो भिलाईला आला असता तर डोंगरगडच्या आधीच, सीमा ओलांडताना, गुन्हा झाला असता. मी त्याला बजावलं, रायफल इथे आणायची नाही, मीच आमगावला येतो.

कायद्याने प्रश्न मिटला असता तर बरं झालं असतं. पण कायदा म्हणतो परवाना काढा, आणि परवानाधारक गनस्मिथ नागपुरात आहेत. रीतसर अर्ज करून, हेलपाटे घालून, आतेभाऊ नळी आखूड करून घेऊ शकला असता, किंवा निदान तसा प्रयत्न करू शकला असता. त्याच्या अंगी चिकाटी आहे, तहसील कचेरीत त्याने जमिनीचे खटले वर्षानुवर्षं चालवले आहेत. त्याने मला सरळ विचारलं, अर्ज करू की नको, तेवढं सांग. आता हे उत्तर द्यायचं तर रायफल बघायलाच हवी होती.

दिवाळीनंतर, धानाची कापणी चालू असताना गेलो. ओसरीत त्याने रायफल काढली, मॅगझिन काढलं, बोल्ट काढून बाजूला ठेवला, नळीतून आकाश दाखवलं. मी रोल बघायचं माझं भिंग नेलं होतं. नळीचं तोंड उन्हाकडे धरलं. गोळीला फिरकी देणारे आटे तोंडाशी येऊन संपतात, तिथली कड अगदी स्वच्छ आणि सगळीकडून सारखी असावी लागते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू तिच्या चहूबाजूंनी एकदम सुटला पाहिजे. एका बाजूला आधी सुटला की गोळीच्या बुडाला बाजूने धक्का बसतो आणि ती डुलत जाते. या रायफलीची कड वरच्या बाजूला चांगली होती. खाली, घड्याळात सहा वाजतात त्या बाजूला, आट्यांचे उंचवटे गुळगुळीत झाले होते, जवळजवळ नख फिरवलं तरी अडकणार नाही इतके. गंजाने नव्हे. त्याच्या वडिलांपासून सगळेजण साफसफाईचा लोखंडी गज नळीच्या तोंडाकडून घालत आले होते, आणि गज आपल्या वजनाने नेहमी त्याच बाजूला टेकत, घासत होता. ली-एनफिल्डचा बोल्ट काढता येतो, मागून गज घालता येतो. साठ वर्षांत ते कुणी केलं नव्हतं.

म्हणजे झीज खरी होती. रुळाचं टोक उडवायचा माझा हात पुन्हा शिवशिवला. पण झीज तर हळूहळू होते आणि आतेभाऊ सांगत होता की गोळी चार-पाच वर्षांतच भरकटायला लागली. मी त्याला जुनी टार्गेटं आहेत का विचारलं. परवानाधारकांच्या सरावात मारलेली कागदी टार्गेटं त्याने नीट, तारीख टाकून, देवघराच्या कपाटात ठेवलेली निघाली. ती ओसरीवर पसरली आणि मला रोलची कार्डं आठवली. उन्हाळ्यातल्या कागदांवर गोळ्या एकमेकींजवळ होत्या, पण मधोमध नव्हत्या, खाली होत्या. पावसाळ्यानंतरच्या कागदांवरही जवळजवळच होत्या, पण वर आणि उजवीकडे. घोळका फारसा पसरला नव्हता. घोळका जागा बदलत होता.

दोष तोंडाच्या झिजेचा असता तर घोळका प्रत्येक ऋतूत पसरला असता. ऋतूबरोबर सरकणारी गोष्ट पोलाद नसते. लाकूड असतं. ली-एनफिल्डच्या नळीखालचं पुढचं लाकूड रायफलीच्या धडाला मागच्या बाजूला दोन्हीकडून घट्ट टेकावं लागतं, तिथे ते सैल झालं की नळीवरचा दाब बदलतो. झाडीपट्टीतला पाऊस, मग एप्रिल-मे मधली रखरख, यात लाकूड फुगतं आणि आकसतं. हा या रायफलीचा जुना, जगजाहीर दोष आहे. ईशापूरच्या कारखान्याने फौजेच्या रायफलींच्या या लाकडातून आडवा एक स्क्रू मुद्दाम घातला होता, तो बघितला की जाणकार लांबूनच ओळखतात की ही ईशापूरची. आपल्या हवेत लाकूड फाटतं आणि हलतं, हे तिथल्या कारागिरांना माहीत होतं.

हे सगळं मी आतेभावाला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी माझं मत पक्कं झालं. अर्ज करू नको. चार इंच कापल्याने लाकूड घट्ट होणार नव्हतं. उलट रायफल कापून आणली असती, पहिल्या पावसाळ्यात गोळी पुन्हा सरकली असती, आणि तेव्हा चार इंच परत जोडायची सोय नव्हती. रोल शॉपमध्ये मी हे पाहिलं आहे. रुळावर खूण उमटते, सगळे म्हणतात पास खराब, रोल उतरवा, ड्रेसिंग करा. रोल उतरतो, दहा मिलिमीटर जातात, रोल पुन्हा चढतो आणि खूण पुन्हा उमटते, कारण दोष पोलादाला पासात नेणाऱ्या गाइडमध्ये होता. गेलेले दहा मिलिमीटर त्या रोलच्या आयुष्यातून कायमचे गेले.

महिन्याभराने तो रायफल घेऊन नागपूरला परवानाधारक गनस्मिथकडे गेला, मीही गेलो. म्हाताऱ्या कारागिराने लाकूड उतरवलं, मागचा भाग दाखवला. एका बाजूला लाकूड दबून चकाकत होतं, दुसऱ्या बाजूला कागद सरकेल एवढी फट. नळी आतून साफ केली तेव्हा कापडाच्या तुकड्यांवर हिरवं-निळं तांबं निघत राहिलं, गोळ्यांच्या आवरणाचं साचलेलं. तोंडाच्या झिजेबद्दल तो म्हणाला की पुढे फारच झालं तर नळीची लांबी न बदलता तोंडाच्या आतून झिजलेला भाग थोडा मोकळा करून घेण्याचा उपाय असतो. महायुद्धानंतर रशियनांनी आपल्या हजारो जुन्या रायफली अशाच आतून मोकळ्या करून पुन्हा वापरात आणल्या. मला हे ऐकून फार बरं वाटलं. ज्यांनी भिलाईत येऊन आमच्या वडीलधाऱ्यांना लेथवर उभं राहायला शिकवलं, त्यांनीही कापण्याआधी दुसरी वाट शोधली होती. पण म्हाताऱ्याने तेही आत्ता करायला नको म्हटलं. लाकूड बसवून दिलं, मागून गज घालायला सांगितलं, एवढंच.

आता उरलं तिसरं कारण, हाताचं. त्याला लाकडाने उत्तर मिळणार नव्हतं.

गाडीत परतताना मी त्याच्याशी बोललो, आणि हे बोलणं मला नळीपेक्षा अवघड गेलं. रायफल कशासाठी हवी, हे विचारायचं होतं. आमच्या या मुलखात रायफलीने काय काय केलं, हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. इथून वर कोरिया संस्थानाच्या जंगलात 1947 मध्ये तिथल्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले, आणि ते देशातले शेवटचे चित्ते धरले जातात. 1952 मध्ये सरकारने चित्ता संपल्याचं जाहीर केलं. भिलाईला आला की आतेभाऊ नातवंडांना घेऊन मैत्रीबागेत पांढरे वाघ बघायला जातो आणि पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालतं हे मी कधी विचारलेलं नाही. त्याच्या वडिलांनी सांबर मारलं होतं, त्याचं शिंग ओसरीवर आहे. त्याने स्वतः सांबर मारलं नाही. त्याने रानडुक्करच मारलं, तेही पिकाची नासाडी झाल्यावर, वनखात्याच्या परवानगीने, आणि गेल्या कित्येक वर्षांत तेही अगदी क्वचित. डुकरं आवाजानेच पळतात. मग त्याला माचाणावर जायचंय कशाला?

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला की शेतात डुक्कर शिरलं की गावातली पोरं अजून त्याच्याकडे येतात. दादा, चला. ते येणं बंद होऊ नये, असं वाटतं.

मी त्याला शस्त्र नियमांतली एक तरतूद सांगितली. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, तर तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. त्याची धाकटी लेक शेती बघते. कॉलेजात एनसीसीत होती, .22 वर चांगला नेम होता. उंचीने बापापेक्षा जास्त, हाताने पक्की. मला आधीच वाटत होतं की लांब नळीचा पुढचा भार तिच्या हाताला बरोबर बसेल, नेम स्थिर राहील. आतेभावाने चार इंच कापले असते तर तो तोल तिच्यासाठी बिघडला असता, हे त्याला आता मीच मोजून दाखवलं.

तिला विचारलं तेव्हा तिने लगेच हो म्हटलं नाही. तिला रायफल हवीच आहे असं नाही. शेताभोवती सौरकुंपण घालायचं तिच्या मनात आहे, डुकरांसाठी ते जास्त कामाचं, असं तिचं मत, आणि मला ते पटतं. परवाना घेतला तर दर काही वर्षांनी नूतनीकरण, निवडणुका आल्या की ठाण्यात रायफल जमा करणं, काडतुसांचा हिशेब, हे सगळं तिच्या मागे लागेल. ती म्हणाली, विचार करते. बापाने तिला दोन महिने दिले आणि मग स्वतःच म्हणाला की दोन महिने कशाला, पुढच्या कापणीपर्यंत कर.

मध्यंतरी नंदिनी रोडच्या त्या पोराने मला विचारलं, काकांच्या रायफलीचं काय झालं. मी त्याला लाकडाची गोष्ट सांगितली. त्याने लेथवर चढवलेला शाफ्ट थांबवला, डायल लावली, रनआउट पुन्हा एकदा बघितला आणि मग म्हणाला की तुम्ही टार्गेटचे कागद बघितलेत म्हणून, मी तर नळीच बघितली असती. मी म्हटलं, मीसुद्धा आधी नळीच बघितली होती, कागद नंतर.

सरावाच्या नव्या कागदाचा फोटो परवा आतेभावाने पाठवला. पाच गोळ्या तळहाताखाली झाकतील अशा, आणि मधोमध. नेम त्याने स्वतः धरला होता, वाळूच्या पोत्यावर हात टेकवून.